शारजाच्या वेळेनं सोमाटण्याला

माझा पुतण्या अनस शारजाहून सुट्टीवर आला, माझ्या हातात एक फोन ठेवला आणि म्हणाला, "चाचा, आता ती डायरी फेकून द्या. ह्यात सगळं आहे." एवढं बोलून, आठवडाभर बिर्याणी खाऊन तो परत गेला. निस्तरायला इथं लोणावळ्यात मी उरलो.

डायरी म्हणजे कागदाची नव्हे, बटणांची. चष्म्याच्या डबीएवढी. उघडली की आत करडा पडदा आणि खाली शेंगदाण्याएवढी बटणं. त्या काळी विमा एजंटाच्या हातात असली डायरी दिसली की गिऱ्हाइकाला धीर यायचा. मी विमा एजंट. हमीद तांबोळी म्हणालात तर लोणावळ्यात कुणी ओळखेल, कुणी ओळखणार नाही. पण 'वाढदिवसवाले तांबोळी' म्हणालात तर खंडाळ्यापासून कामशेतपर्यंत कुणीही घर दाखवील. मावळातल्या माझ्या प्रत्येक पॉलिसीवाल्याचा वाढदिवस, त्याच्या लग्नाचा वाढदिवस, पोराचं बारसं, बापाची पुण्यतिथी, सगळं त्या डायरीत होतं आणि रोज सकाळी ती टिटटिट करून मला कामाला लावायची. एक जूनला तर ती दिवसभर रातकिड्यासारखी ओरडायची, कारण आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना शाळेत घालताना मास्तरांनी एक जूनलाच जन्माला घातलेलं आहे. त्या दिवशी मी जेवण सोडून शुभेच्छा वाटत फिरायचो. माझी इभ्रत म्हणाल तर एवढीच, की तांबोळी तारीख चुकत नाही.

आता फोन. साबणाच्या नव्या वडीएवढा जाड, आणि त्याच्या पोटात खोचलेली प्लॅस्टिकची एक काडी. त्या काडीनं पडद्यावर टोचायचं. स्मार्टफोन हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत पोचला नव्हता. सगळे त्याला 'काडीचा फोन' म्हणायचे. काडीच्या फोननं बटणांच्या डायरीची जागा घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नावर गल्लीत जेवढी चर्चा झाली तेवढी नगरपालिकेच्या निवडणुकीतही झाली नव्हती.

शेजारचे सीतारामभाऊ रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बोलताना अजून हिरवी झेंडी हातात असल्यासारखे उभे राहतात. ते म्हणाले, "तांबोळी, घाटात गाडीला मागनं वेगळं इंजिन लावतात ते काय हौस म्हणून? एकाच इंजिनाच्या भरवशावर घाट चढायचा नसतो." वरच्या मजल्यावरची स्नेहल बँकेत आहे. ती म्हणाली, "काका, जग कुठं चाललंय आणि तुम्ही दोन दोन वस्तू बाळगताय?" हे सांगताना तिच्या एका हातात बँकेच्या किल्ल्या होत्या, दुसऱ्या हातात घराच्या आणि दातात स्कूटरची. माझी बायको अकबरी म्हणाली, "दोन्ही ठेवा. शर्टाला दोन खिसे शिवून देते." सगळ्यांत शहाणा सल्ला तोच होता, त्यामुळे त्याच्याकडं कुणीच लक्ष दिलं नाही.

मी स्नेहलचं ऐकलं. बाजारात संदेशचं मोबाइल आणि इंटरनेटचं दुकान आहे. त्यानं डायरीतलं सगळं आधी त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ओतलं आणि कॉम्प्युटरमधून फोनमध्ये. लग्नाच्या याद्या करताना व्याही समोरासमोर बसतात तशी दोन्ही यंत्रं तासभर टेबलावर बसली होती. एकही नाव हरवलं नाही. फोनचं घड्याळ तेवढं दीड तास मागं होतं. ते मी स्वतः काडीनं टोचून टोचून बरोबर केलं. घड्याळाखाली शहराचं नाव शारजा असं होतं. ते मी तसंच राहू दिलं. अनसची आठवण म्हणून.

मग संदेश म्हणाला, नेट चालू केल्याशिवाय हा फोन म्हणजे नुसती वीट. म्हणून मी मोबाइल कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथं खिडकीत मानसी नावाची एक मुलगी होती. तिनं विजेचं बिल मागितलं. मी दिलं.

"हे तुमच्या नावावर नाहीये."

"वडिलांच्या नावावर आहे."

"मग त्यांना घेऊन या."

"ते वारले."

"मग त्यांचं ना-हरकत पत्र आणा," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडं वळली. वडिलांना कशालाच हरकत नसायची, हे तिला कसं सांगणार? नेट काही चालू झालं नाही. पण डायरी मी तोवर सीतारामभाऊंना देऊन बसलो होतो. "असू दे माझ्याकडं," ते म्हणाले होते, "गोळ्यांच्या वेळा घालीन." एकदा दिलेली वस्तू परत मागणं आमच्या घराण्यात नाही. शिवाय स्नेहल जिन्यातून बघत होती.

फोनला रोज वीज लागायची आणि तेव्हा वीज रोज जायची. डायरी एका सेलवर वर्ष काढायची. हा बाबा संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. मी चार्जर घेऊन फिरायला लागलो. कुणाच्याही घरी गेलो की लोक पाणी विचारायच्या आत मी प्लग विचारायचो. विम्याची पॉलिसी विकणं यापेक्षा सोपं होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी लोक जरा गोंधळून हसायचे; मला वाटायचं, प्लगमुळं.

आणि नेमकं याच दिवसांत आमच्या घरात मोठं कार्य यायच्या बेतात होतं. माझी मुलगी उझमा तळेगावच्या एका डेअरीत दूध तपासते. दोन स्थळं आली होती, दोन्हींना तिनं नकार दिला होता. आमच्यात मुलीकडचे लोक मुलाचं घर बघायला जातात, पण मुलगी जात नाही. तर ही म्हणाली, "राहणार मी, आणि बघणार तुम्ही?" त्या दोन्ही घरांत ती आमच्याबरोबर आली होती. दोन्हीकडं नवे पडदे, नवी चादर, बशीत काजू. परत येताना दोन्ही वेळा म्हणाली, "काही कळलं नाही. नाही म्हणून सांगा." अकबरीनं रात्री डोळ्याला पदर लावला. मला वाटायला लागलं, काजू घालणाऱ्या प्रत्येक घराला ही अशीच नाही म्हणत राहिली तर आपण करायचं काय?

तिसरं स्थळ सोमाटण्याचं होतं. मुलगा अयान, नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात कामाला. त्याचे वडील इनामदार शिस्तीचे म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. मे महिना सरता सरता जेवायला या, म्हणून त्यांनी आधीच तारीख दिली होती आणि ती मी त्याच वेळी डायरीत घातली होती. उझमा म्हणाली होती, "हे शेवटचं. इथंही पडदेच दिसले तर वर्षभर मला कुणी विचारायचं नाही." ती एकदा म्हणाली की म्हणाली. या बाबतीत ती कुणावर गेली आहे याबद्दल अकबरीचं आणि माझं एकमत नाही.

सोमाटण्याच्या आधी औंढ्याचं लग्न होतं. औंढ्याच्या वरच्या वाडीवरचा कान्हू माझा जुना पॉलिसीवाला. त्याच्या करिष्माचं लग्न. सकाळी फोन वाजला, 'करिष्मा, लग्न, औंढे.' मी सफारी घातली, आहेराचं पाकीट घेतलं, चार्जर घेतला आणि मोटारसायकलवरून वाडीवर पोचलो. तर मांडवात नवरदेव नाही, वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. बायका जात्याभोवती बसून हळदीची गाणी म्हणत होत्या. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

तांबोळी तारीख चुकला. मी मोटारसायकल वळवणार एवढ्यात कान्हूनं पाहिलं.

"आवो तांबुळीभाऊ," तो धावत आला, "तुमी हळदीला आलात? लोकं लगीन लागायच्या टायमाला येत्यात, जेवत्यात न् जात्यात. तुमी आदल्या दिशी आलात. घरचा मानूस म्हंजे ह्यो."

त्याची बायको पुतळाबाई म्हणाली, "वहिनी न्हाई आल्या व्हय? बसा हितं, भाऊ. उन्हातनं आलाय." आणि बसतो न बसतो तोच तिनं माझ्या दोन्ही गालांना हळद लावली. थोडी सफारीलाही लागली, ती अजून निघालेली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आहेराचं पाकीट खिशातच ठेवलं. फोनची बॅटरी मात्र संपत आली होती, म्हणून नेहमीच्या सवयीनं प्लग विचारला. वाडीवर प्लग एकच होता आणि त्यात लाउडस्पीकर होता. कान्हूनं विनातक्रार तो काढला आणि माझा चार्जर लावला. गाणं मधेच तुटलं. सगळी वाडी वळून माझ्याकडं बघत होती आणि मी पिवळ्या तोंडानं हसत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लग्नाला गेलो. घरी सांगितलं, दोन्ही दिवसांचं आमंत्रण होतं.

चूक फोनची असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, मीच डायरीत कधीतरी एक दिवस अलीकडचा घातला असणार. वय झालं, दुसरं काय. उझमानं तेवढी माझ्या सफारीवरची हळद बघितली आणि विचारलं, "अब्बा, फोन देता जरा?" थोडा वेळ काडीनं काहीतरी टोचत बसली आणि फोन परत दिला. "चांगला आहे," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सोमाटणे. फोन म्हणत होता बुधवार. अकबरी म्हणाली, "इनामदार गुरुवार म्हणाले होते. मला पक्कं आठवतंय. मुलाच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवार."

"रजा काढली असेल त्यानं," मी म्हणालो.

"सुट्टी असताना रजा कशाला काढेल?"

"अकबरी, माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही."

"यंत्रानं इनामदारांशी बोलणं केलं नव्हतं. मी केलं होतं."

"फोन करून विचारू का?" मी म्हणालो खरा, पण ज्या माणसाला सगळं मावळ तारखा विचारतं, त्यानं होणाऱ्या व्याह्यांना 'आम्ही कधी यायचं?' असं विचारायचं? तेवढ्यात उझमा आतून म्हणाली, "अम्मी, अब्बांच्या फोनमध्ये बुधवार आहे ना? मग बुधवारीच जाऊ."

माझा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या घरात बापावर विश्वास ठेवणारं एक तरी माणूस होतं.

बुधवारी आम्ही एक व्हॅन ठरवून निघालो. करवंदांची पाटी, आंबे आणि चिक्कीचे पाच डबे. लोणावळ्याच्या माणसानं चिक्की नेली नाही तर लोकांना वाटतं काहीतरी बिनसलं आहे. जुन्या रस्त्यानं कामशेत, वडगाव करत सोमाटण्याला पोचलो. घराचं दार सताड उघडं होतं. समोरच्या खोलीत एक शिडी होती. शिडीवर लुंगी नेसलेला, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी घातलेला एक माणूस छताला रंग देत होता.

"इनामदारसाहेब आहेत का घरात?" मी विचारलं.

"मीच," शिडीवरून आवाज आला.

त्यांच्या ब्रशातून पांढरा रंग चिक्कीच्या डब्यावर ठिबकत होता. अकबरीनं माझ्याकडं जे पाहिलं त्याचं वर्णन मी करणार नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं, की हे शेवटचं स्थळ आहे आणि मी ते एका दिवसानं घालवलं आहे. बसायला सांगावं तर खुर्च्या अंगणात, गाद्या अंगणात, टीपॉयवर रंगाचा डबा. कोपऱ्यात नवे पडदे अजून कागदात गुंडाळलेले होते.

आतून करपल्याचा वास आला. उझमा कुणाला न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेलो. गॅससमोर एक उंच मुलगा बाह्या सारून उभा होता. एका हातात झारा, दुसऱ्या हातात मिठाची बरणी. तोच अयान. घर रंगवायचं म्हणून त्यानं आज खरंच रजा काढली होती आणि बापलेकांसाठी खिचडी टाकली होती.

"करपलीय," तो उझमाला म्हणाला. "पण खालची सोडली तर वरची चालेल."

"पाणी कमी पडलं," उझमा म्हणाली.

"मीठही घातलं की नाही आठवत नाही."

उझमानं चमच्यावर घेऊन चाखलं. "दोनदा घातलंय," म्हणाली.

तेवढ्यात इनामदारांची बायको तळेगावच्या बाजारातून पिशव्या घेऊन आली. अंगणातूनच आम्हाला बघून ती थिजली आणि मग तिचा सगळा राग शिडीकडं वळला. "पाहुण्यांना तारीख नीट सांगता येत नाही तुम्हाला? मी उद्याचं मटण सांगून आले, आणि ही माणसं आज दारात!"

मी घसा खाकरला. खरं काय ते सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात इनामदार शिडीवरून उतरले, टोपी काढली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "माझंच चुकलं असेल. सांगताना बुधवार म्हणालो असेन. तू चहा टाक."

माझं तोंड मिटलं. शिस्तीचा माणूस म्हणतात तो हा, आणि पाहुण्यांची लाज राखायला न केलेली चूक आपल्या अंगावर घेतोय. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही गाद्यांच्या ढिगावर बसून करपलेली खिचडी आणि करवंदं खाल्ली. चिक्की खाल्ली. अयाननं भांडी घासली, कारण आईच्या हातात पिशव्यांचे वळ उठले होते. निघताना इनामदार व्हॅनपर्यंत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तांबोळीसाहेब, आत्ता डोक्यात आलं. मावळात तारखेला तुमच्या शब्दावर लोक चालतात. तुम्ही कसले चुकताय? तुम्ही मुद्दाम आदल्या दिवशी आलात. मुलीचा बाप असावा तर असा." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या हाताचा रंग माझ्या हाताला लागला. मी मूठ पुन्हा झाकली. "उद्या मात्र जेवायला यायचंच," ते म्हणाले. "मटण सांगितलंय."

गुरुवारी सकाळी दारावर धपाधप थापा पडल्या. सीतारामभाऊ. त्यांच्या हातात माझी डायरी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "अहो तांबोळी, हिला बंद कसं करायचं? गोळ्या खायला उठलो तर ही म्हणते आज सोमाटणे. आज आहे ना तुमचं सोमाटणे?"

अकबरी हसायला लागली. ती अशी हसली की वरून स्नेहल खाली आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, यंत्रावर एवढा विश्वास ठेवायचा नसतो हो." जिन्यावरून दुसऱ्याची फजिती बघणाऱ्या माणसाला कुठलंही मत परवडतं. सीतारामभाऊंना मात्र आम्ही बरोबर घेतलं. मागच्या इंजिनाचा मान होता तो.

सोमाटण्याचं मटण खाऊन परत येताना व्हॅनमध्ये मी उझमाला विचारलं, "मग? काय सांगायचं?"

"हो म्हणून सांगा," ती म्हणाली.

अकबरीनं पदर डोळ्याला लावला. माझाही आवाज जरा घोगरा झाला, ते खिडकीच्या वाऱ्यानं. "मुलगा खिचडी करतो म्हणून?" मी विचारलं.

"खिचडी त्याला येत नाही, अब्बा. त्याचे अब्बा 'माझंच चुकलं असेल' म्हणाले म्हणून. ज्या घरात बाप असं म्हणतो, तिथं मुलगाही म्हणतो."

यावर मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग तिनं माझ्या खिशातून फोन काढला आणि काडीनं शारजावर टोचलं. "फोनला वाटतंय आपण शारजात आहोत. आपल्याकडं रात्रीचे बारा वाजून दिवस बदलतो तेव्हा तिकडं आदल्या रात्रीचे साडेदहा असतात. डायरीतून आलेलं सगळं म्हणून एक दिवस आधी पडत होतं. तुम्ही नुसते आकडे फिरवलेत, शहर तसंच ठेवलंत."

"तुला हे कधी कळलं?"

"हळदीच्या दिवशी."

"आणि तू बोलली नाहीस? माझी अशी शोभा झाली, अम्मीशी भांडण झालं..."

"अब्बा, मी रोज दूध तपासते. उद्या येतो म्हणून कळवून गेलं, की एकाही गवळ्याच्या दुधात पाणी सापडत नाही."

पुढच्या सीटवर सीतारामभाऊ इतके हसले की डायरी त्यांच्या हातातून पडली. तिचं झाकण तुटलं, पण ती अजून चालते. त्यांच्या गोळ्यांबरोबर माझ्या सगळ्या तारखा अजून तिथं वाजतात, आणि एक जूनला ते दिवसभर माझ्या दारात उभे असतात.

उझमाचा निकाह झाला, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी. काडीच्या फोननं डायरीची जागा घ्यावी का, असं मला अजूनही कुणीकुणी विचारतं. मी सांगतो, घ्यावी, पण शहराचं नाव बदलून. माझा फोन आता लोणावळ्याच्या वेळेवर आहे आणि त्याची एकही तारीख चुकत नाही.

मुलीकडं जायचं असलं की मी इनामदारांना फोन करून सांगतो, गुरुवारी येतो. आणि बुधवारी जातो. दार सताड उघडं असतं. इनामदार लुंगीवर असतात, अयान भांडी घासत असतो, आणि माझी उझमा खुर्चीत पाय वर घेऊन चहा पीत बसलेली असते.